नागपुरात हरवलेलं गणगोत सरकारी कागदांतून कसं शोधायचं

आजोबा आणि त्यांच्या धाकट्या भावाने मिळून मौजा मानेवाड्यात एक प्लॉट घेतला होता. आजोबा मास्तर, धाकटे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये. पुढे दोघांचं बोलणं बंद झालं. का झालं, याचं उत्तर आमच्या घरात तीन माणसं तीन देतात. धाकटे आजोबा नागपूरच्या महाल भागातली खोली सोडून गेले आणि मग कोणी कोणाच्या लग्नाला गेलं नाही, मयतीला गेलं नाही. बाबा वारल्यावर मी प्लॉटवर वारसान चढवायला, म्हणजे वारसांची नावं लावायला गेले, तेव्हा टेबलापलीकडच्या साहेबांनी फाइल मिटता मिटता विचारलं, "दुसऱ्या धारकाचे वारस कुठायत?"

मला त्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती.

शोधायला आठ महिने लागले. त्यातले सहा महिने मी चुकीच्या दारांवर घालवले. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. वारस हवे असोत, जुन्या भाडेकरूचा पत्ता हवा असो की आजोबांची शाखा जोडायची असो, रस्ता साधारण हाच.

आधी एक सांगते. माणूस नुकता बेपत्ता झाला असेल तर हा लेख बंद करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात मिसिंगची तक्रार द्या. मूल असेल तर १०९८ वर फोन करा. आणि एखादी मुलगी, सून किंवा बायको मुद्दाम घर सोडून गेली असेल, तर तिचा पत्ता काढायला हे वापरू नका. तिला भेटायचं नाही, म्हणूनच ती गेली आहे. कोणी नातेवाइकाने "जरा यादीत बघून दे ना" म्हटलं तरी नाही म्हणा. मी एकदा म्हटलं आहे.

१. चार खुणा जमवा : नाव, वल्द, मौजा, साल

आपण माणसाला चेहऱ्याने ओळखतो. सरकारी वही त्याला चार गोष्टींनी ओळखते : नाव, बापाचं नाव, मौजा म्हणजे महसुली गाव, आणि साल. यातल्या तीन हाती असतील तर कारकून वही उघडतो. एकच असेल तर तुमच्याकडे बघतसुद्धा नाही, आणि त्याचं चूक नाही. नुसत्या आडनावावर मेश्राम, वानखेडे, ठाकरे, गजभिये शोधायला तो तरी कुठून सुरुवात करणार?

नाव म्हणजे कागदावरचं नाव. आमच्याकडे ज्यांना सगळे 'नानाजी' म्हणत, त्यांचं कागदावरचं नाव मला बाबांच्या मावसभावाकडून कळलं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा, लग्नाच्या जुन्या पत्रिका काढायला लावा. बायकांच्या बाबतीत दोन नावं लिहा. लग्नात आडनाव बदलतंच, पण आपल्याकडे पाळण्यातलं नावही बदलायचे. माहेरची 'सुमन' सासरच्या कागदावर 'वैशाली' असते आणि तुम्ही जन्मभर सुमन शोधत राहता.

वल्द म्हणजे बापाचं नाव. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडाची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे जुने कागद बरेचदा हिंदीत आहेत आणि महसुली भाषा फारसीकडे झुकलेली. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे विधवा, 'साकिन' म्हणजे राहणार, 'कौम' म्हणजे जात. हे पाच शब्द पाठ करून जा. हिंदी लिहिणाऱ्या हाताने आडनावंही आपल्या कानाप्रमाणे उतरवली आहेत : मेश्रामचं मेसराम, शेंडेचं सेंडे, वंजारीचं बंजारी. प्रत्येक आडनावाची दोन-तीन रूपं आधीच लिहून ठेवा.

मौजा हे नागपुरातलं खरं कुलूप आहे. आपण पत्ता सांगतो लेआऊटचा, नगराचा, चौकाचा. कागद बोलतो मौजाचं : मौजा सोमलवाडा, मौजा बाबुलखेडा, मौजा जयताळा, मौजा नारी. शहर वाढत गेलं आणि ही खेडी त्याच्या पोटात गेली, पण महसूल खात्याच्या लेखी ती अजून तशीच आहेत, आपापल्या खसरा क्रमांकांसकट, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांच्या क्रमांकांसकट, आणि पटवारी हलक्यासकट, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीसकट. पत्त्याचा मौजा कळत नसेल तर त्याच गल्लीतल्या कोणाचंही खरेदीखत बघा, पहिल्याच पानावर सापडेल.

साल अंदाजे चालेल, पण 'खूप वर्षांपूर्वी' चालत नाही. दहा वर्षांचा तुकडा तरी ठरवा. म्हाताऱ्यांना साल विचारू नका, "ते गेले तेव्हा मी कितवीत होते?" असं विचारा.

२. पिशवीत काय न्यायचं

- तुमचं ओळखपत्र आणि त्याच्या चार-पाच झेरॉक्स
- नातं दाखवणारा काहीही कागद : शाळा सोडल्याचा दाखला, मृत्यू प्रमाणपत्र, जुनं रेशन कार्ड
- हाताने काढलेली वंशावळ, एका पानावर, वर्षांसकट
- दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, आठ-दहा
- कोरे कागद, डिंक, निळं पेन
- एक वही. त्यात तारीख, कार्यालय, कोणाशी बोललात, काय पाहिलं आणि *काय सापडलं नाही* ते लिहायचं

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एकच वर्षाचं रजिस्टर मी दोनदा पाहिलं, कारण पहिल्यांदा 'नाही' हे लिहून ठेवलं नव्हतं.

एप्रिल-मे टाळता आले तर टाळा. नाहीच जमलं तर साडेदहाला दारात उभ्या राहा आणि बारापर्यंत काम उरका.

३. मतदार यादी : सोपी आहे, म्हणूनच फसवते

सगळे इथूनच सुरुवात करतात, मीही केली. निवडणूक आयोगाच्या शोध पानावर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि जिल्हा टाकून शोधता येतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघ आणि यादी भाग निवडून पूर्ण यादीही उतरवता येते. यादीत नाव, नात्याच्या माणसाचं नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असतं.

शहरात सहा विधानसभा मतदारसंघ आहेत : ५२ दक्षिण-पश्चिम, ५३ दक्षिण, ५४ पूर्व, ५५ मध्य, ५६ पश्चिम, ५७ उत्तर. दक्षिण-पश्चिम हा २००८ च्या पुनर्रचनेत आला आणि २००९ पासून त्यावर निवडणूक होते. त्याआधीच्या यादीत तो शोधाल तर मिळणार नाही. आणि महापालिकेचा प्रभाग वेगळा, विधानसभेचा यादी भाग वेगळा. प्रभाग दर काही निवडणुकांनी बदलतात. कोणी "प्रभाग अमुक" सांगितलं तर कोणत्या सालचा, ते विचारा.

संगणकावरची यादी सहसा आजची असते. तुम्हाला हवा असतो कालचा माणूस. जुन्या यादीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत किंवा त्या मतदारसंघाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करा. मतदार नोंदणी नियम १९६० मधला नियम ३३ त्यासाठी आहे, अर्जात तो आकडा लिहा.

मेलेल्या माणसाला शोधू नका, त्याच्या मुलाला शोधा. मराठी नावात बाप मधोमध बसलेला असतो, त्यामुळे उतरवलेल्या यादीत नात्याच्या माणसाच्या जागी धाकट्या आजोबांचं नाव शोधलं की त्यांची मुलं सापडायला हवीत. मुली नाही येणार, त्या नवऱ्याच्या नावाने आहेत. वयावर फार विसंबू नका, पाच-सात वर्षं इकडेतिकडे सहज असतात.

आता माझी फजिती. उत्तर नागपूरच्या यादीत धाकट्या आजोबांच्या नावाशी, आडनावाशी आणि वयाशी जुळणारे एक गृहस्थ सापडले. धाकटे आजोबा महालातून बेझनबागेत मिलच्या वसाहतीत गेल्याचं मी ऐकलं होतं, तो भागही तिकडचाच. वडिलांचं नाव मात्र वेगळं होतं. मी म्हटलं, छपाईची चूक असेल. रविवारी सकाळी बालूशाही घेऊन त्यांच्या दारात गेले. त्यांनी बसवलं, चहा दिला, माझी सगळी वंशावळ शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "बाई, माझा बाप रेल्वेत होता, अन् मला भाऊ नाही." वल्द जुळला नाही तर माणूस तो नाही. छपाईची चूक असेल असं वाटलं तरी नाही, दुसरा कागद हाती येईपर्यंत.

४. मृत्यूची नोंद : गेलेला माणूस लवकर सापडतो

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १७ प्रमाणे कोणीही ठरलेलं शुल्क भरून रजिस्टरात शोध घ्यायला लावू शकतो आणि उतारा मागू शकतो. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण देत नाहीत, बाकी आपल्या कामाचं सगळं असतं : नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, तारीख, ठिकाण, त्या वेळचा पत्ता आणि कायमचा पत्ता. या दोन पत्त्यांतला दुसरा सोन्यासारखा आहे, का ते पुढच्या पायरीत येईल. कायदा 'कोणीही' म्हणतो, तरी खिडकीवर "तुम्ही कोण?" विचारतातच. वंशावळीचं पान पुढे करा, वाद घालू नका.

नोंद माणूस राहतो तिथे होत नाही, मरतो तिथे होते. नागपुरात हे लक्षात ठेवणं फार गरजेचं, कारण मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत अर्धा विदर्भ येतो, पलीकडून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटही येतं. खापरखेड्याचा माणूस मेडिकलमध्ये वारला तर नोंद खापरखेड्यात नाही, नागपुरात. गावी सापडत नाही म्हणून हताश होऊ नका. महापालिकेचे दहा झोन आहेत : लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. आधी ठिकाण कोणत्या झोनमध्ये पडतं ते काढा आणि मग जा. हुडकेश्वर-नरसाळ्यासारखा भाग २०१३ मध्ये महापालिकेत आला, त्याआधीच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या आहेत.

हा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीचं काही विचारलं की "तेव्हाचं नसते" असं ऐकावं लागतं. मलाही ऐकवलं एका कार्यालयात. पण नागपूरची नगरपालिका १८६४ ची आहे, महानगरपालिका १९५१ पासून, आणि जन्म-मृत्यूच्या वह्या या कायद्याच्या आधीही ठेवल्या जात. वही जीर्ण आहे, वाळवीने खाल्ली आहे, हे उत्तर खरं असू शकतं. 'नसते' हे उत्तर लेखी मागा. लेखी म्हटलं की बरेचदा शोध सुरू होतो.

मोक्षधाम, गंगाबाई, अंबाझरी, मानेवाडा या घाटांवरही नोंदवही असते. साल आणि महिना माहीत असेल तरच त्या वाटेला जा.

मला धाकट्या आजोबांची नोंद मिळाली ती मेडिकलमधल्या मृत्यूची. त्या वेळचा पत्ता बेझनबागेचा, पण तिथे आता त्यांना ओळखणारं कोणी उरलेलं नव्हतं. मिल १८७७ साली सुरू झाली, २००२ ला कायमची बंद पडली, आणि माणसं पांगली. कायमचा पत्ता मात्र कुही तालुक्यातल्या आमच्या मूळ गावचा लिहिलेला होता.

५. गावची जमीन : इथे आधी या

शहरात सहा महिने हिंडून जे मिळालं नाही, ते गावात एका सकाळी मिळालं. का, ते सांगते. शहरातली खोली माणूस सोडून देतो. मिलची नोकरी सुटते, क्वार्टर जातं. पण गावचं अर्धा एकर वावर कोणी सोडत नाही. बाप वारला की पोरं कुठेही असोत, भिलाईत असोत की बल्लारशाला, एकदा तरी पटवाऱ्यासमोर येतात आणि नावं चढवून जातात. कागदावर नातं पिढीगणिक कुठे लिहिलं जात असेल तर इथेच.

क्रम असा ठेवा :

पहिलं, भूलेख महाभूमीच्या संकेतस्थळावर नागपूर विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव निवडा. सातबारा गट क्रमांकाने बघता येतो, तसाच पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव किंवा संपूर्ण नाव टाकूनही. नुसतं आडनाव टाका आणि पूर्ण यादी डोळ्यांखालून घाला. इथली माहिती बघण्यापुरती; डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, तो अर्जाला जोडता येतो. ज्यांचा मूळ गाव नागपूर शहरालगतचा आहे त्यांनी 'नागपूर (शहर)' आणि 'नागपूर (ग्रामीण)' हे दोन्ही तालुके बघावेत.

दुसरं, सातबाऱ्यावर गोलात लिहिलेले फेरफार क्रमांक उतरवून घ्या. सातबारा तुम्हाला आजचा धारक सांगतो. तो धारक कसा झाला, ही गोष्ट फेरफारात असते. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, तारीख आणि एकूण एक वारस लिहिलेले असतात, मुलीसुद्धा त्यांच्या सासरच्या नावाने, बहुतेक वेळा 'रा. अमुक' असं गावही. गाव नमुना ६ ही फेरफाराची वही, गाव नमुना ६-क ही वारसांची. पटवाऱ्याकडे नेमकं हेच नाव घेऊन मागा. "माझ्या नातेवाइकांची माहिती द्या" असं म्हणाल तर उद्या या म्हणतील. "अमुक गटाचा फेरफार क्रमांक अमुक दाखवा" म्हणाल तर आजच दाखवतील.

तिसरं, आणखी मागे जायचं असेल तर तहसीलचं अभिलेखागार. आपल्या भागात १९५१ साली मालगुजारी गेली आणि त्यानंतर हक्कांची नव्याने नोंद झाली. १९५४-५५ ची 'अधिकार अभिलेख पंजी' म्हणून ती ओळखली जाते. जातीच्या दाखल्यासाठी धावपळ केलेल्या घरात हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. तसंच 'कोतवाल पंजी' किंवा 'कोतवाल बुक' : कोतवाल गावातल्या जन्म-मृत्यूची खबर द्यायचा, त्याची ती वही. नाव, बापाचं नाव, कौम, तारीख. बाळाचं नाव बरेचदा नसतंच, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'.

इथला सापळा तालुक्याचा. कुही, भिवापूर पूर्वी उमरेडमध्ये, नरखेड काटोलमध्ये. जुना कागद जुन्या तहसिलीत राहिलेला असू शकतो. जिल्ह्यांचंही तेच : गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात होता, गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात. नक्कल विभागात अर्ज टाकण्याआधी नुसतं विचारून घ्या की अमुक मौजाचं जुनं दप्तर कुठे आहे. नाहीतर माझ्यासारखे दोन अर्ज, दोन स्टॅम्प आणि पंधरा दिवस.

गावची जिल्हा परिषदेची शाळा विसरू नका. तिथलं दाखल-खारीज रजिस्टर कधी कधी महसुली दप्तरापेक्षा धडधाकट असतं. मुख्याध्यापक ते दाखवतात घरच्या माणसालाच, आणि तसंच असायला हवं.

आमच्या गावच्या फेरफारात एका ओळीत तीन नावं होती : एक मुलगा, दोन मुली. मोठी मुलगी 'रा. भिलाई'. माझ्या बाबांना दोन चुलतबहिणी होत्या आणि त्यांची नावं मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पिवळ्या कागदावर वाचली.

६. शहरातली मालमत्ता

घर किंवा प्लॉट माहीत आहे, माणूस माहीत नाही, अशी उलट परिस्थिती असेल तर ही पायरी.

महापालिकेचा मालमत्ता कर घराच्या इंडेक्स क्रमांकावर चालतो. जुनी कर पावती असेल तर त्यावरून आज बिल कोणाच्या नावावर निघतं ते कळतं. कराचं नाव म्हणजे मालकी नव्हे, हे ध्यानात ठेवा. कित्येक घरांत कर अजून पणजोबांच्या नावावर येतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

जुन्या नागपुरात, महाल-इतवारी-सीताबर्डी या बाजूला, आखीव पत्रिका बघायची. बाहेरचे लोक तिला मिळकत पत्रिका किंवा प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. शीट क्रमांक आणि नगर भूमापन क्रमांक लागतो. धारकाच्या नावाखाली फेरफार तारखांसकट येतात, त्यात वारस आणि खरेदीदार क्रमाने दिसतात. जमीन नझुलाची, म्हणजे शहरातली सरकारी, असेल तर पट्टेदाराची स्वतंत्र फाइल नझूल शाखेत असते, तीही मागा.

नागपूर सुधार प्रन्यासच्या योजनेतला भूखंड असेल तर वाटप, लीज आणि नामांतरणाची फाइल प्रन्यासकडे. १९३६ च्या कायद्याने आलेली ही संस्था मध्यंतरी बरखास्त होणार म्हणून ठरलं, मग तो निर्णय फिरला. म्हणून तुमचा लेआऊट आज नेमका कोणाच्या ताब्यात आहे ते आधी खिडकीवर विचारा. शहराच्या हद्दीबाहेर एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण.

आणि नागपूरची खास गोष्ट, गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले प्लॉट. '५७२' आणि '१९००' हे आकडे नागपूरकरांना लेआऊटची नावंच झाली आहेत. यातला प्लॉट बरेचदा एखाद्या गृहनिर्माण संस्थेने पाडलेला असतो. अशा संस्थेकडे सभासदांचं रजिस्टर ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. संस्था जिवंत असेल तर सचिवाला गाठा, अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळायला काढली असेल तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तिची फाइल आणि अवसायकाचं नाव मिळतं. सचिवाच्या घरी ट्रंकेत पडलेल्या वहीत माणसं सापडल्याची उदाहरणं मला दोन जणांनी सांगितली आहेत. माझ्या नशिबी ट्रंक नव्हती.

७. दस्तांची सूची

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रासाठी साधारण २००२ पासूनचे दस्त त्यात दिसतात. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव म्हणजे मौजा, आणि मिळकत क्रमांक टाकायचा. म्हणजे माणसाच्या नावाने नाही, खसरा किंवा प्लॉट क्रमांकाने शोधायचं. त्या क्रमांकावर दस्त झाला असेल तर सूची क्रमांक दोन उघडते आणि त्यात देणार-घेणार, दोघांची नावं आणि पत्ते. खसरा क्रमांक वेगवेगळ्या तऱ्हेने टाकून बघा : ४५/२, ४५, नुसता प्लॉट क्रमांक. शेजारच्या वर्षांतही बघा.

त्याआधीचं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात शोध शुल्क भरून. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मिळकतीचं पुस्तक क्रमांक एक आणि त्याची सूची सगळ्यांसाठी खुली आहे. मृत्युपत्रं ज्यात असतात ते पुस्तक तीन तसं खुलं नाही; मृत्युपत्र करणारा वारल्यावरच अर्ज करून त्याची नक्कल मागता येते. बाहेर बसलेला कोणी "मृत्युपत्र काढून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका.

सूचीत कधी कधी लोकांचे पॅन क्रमांकही छापलेले दिसतात. तुमच्या कामाचा पत्ता वहीत उतरवा आणि ते पान व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.

८. माहिती अधिकार, अगदी शेवटी

लोक पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात आणि दार कायमचं बंद करून घेतात. जिथे नक्कल मिळते तिथे नक्कल मागा, ती स्वस्त आणि लवकर मिळते. अर्ज तिथेच जिथे नक्कल अडवली गेली.

"अमुक व्यक्ती सध्या कुठे राहते" असं विचारलंत तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं ते कलमच बदललं आहे, त्यामुळे नकार आणखी सोपा झाला. माणूस मागू नका, कागद मागा : "मौजा अमुक, खसरा अमुक, फेरफार क्रमांक अमुक, साल अमुक, याची प्रमाणित प्रत." किंवा अवलोकन मागा, म्हणजे स्वतः बसून वही चाळता येते. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे.

मी एकूण एकच अर्ज टाकला. त्याचं उत्तर आलं तोवर मी भिलाईला जाऊन आले होते.

९. दारावर जाण्याआधी

नाव आणि गाव मिळालं की पाय शिवशिवतात. थांबा. फेरफारातला पत्ता वीस वर्षं जुना असू शकतो आणि समोरच्या माणसाने तुम्हाला बोलावलेलं नाही. मुलाच्या नावाने मतदार यादी पुन्हा बघा, आता वल्द पक्का आहे. दोन स्वतंत्र कागद एकाच माणसाकडे बोट दाखवतात का ते तपासा.

मग पत्र लिहा. जमिनीच्या कामासाठी शोधत असाल तर ते पहिल्याच पत्रात लिहा, लपवू नका. नुसतं प्रेम दाखवून भेटलात आणि दुसऱ्या भेटीत कागद काढलात तर तुमच्या आजोबांच्या भांडणाचा दुसरा अंक सुरू होईल. तुम्ही कोण, नातं काय, पत्ता कुठल्या कागदात मिळाला, काय हवं आहे आणि त्यांचा हिस्सा किती निघतो, इतकं एका पानात. फोन नंबर तुमचा द्या, त्यांचा मागू नका. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा. उत्तर आलं नाही आणि काम वारसानचं असेल तर पुढचं पाऊल वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर सूचना. स्पीड पोस्टाची ती पावतीही तेव्हा कामी येते.

माझं पत्र गेल्यावर एकोणीस दिवसांनी फोन आला. पलीकडून एक म्हातारा, थोडा छत्तीसगढी हेलाचा मराठी आवाज. आत्याने आधी माझ्या बाबांचं घरचं नाव विचारलं, आजीच्या हातातल्या पाटल्यांवर कसली नक्षी होती ते विचारलं. मी दोन्ही सांगितलं. मग म्हणाली, "प्लॉटचं नंतर पाहू. आधी सांग, दादा कधी गेला?"

प्लॉटचं काम अजून व्हायचं आहे. धाकटी आत्या बल्लारशाची, तिची सही बाकी आहे, आणि काका म्हणतात की मोजणी झाल्याशिवाय ते सही करणार नाहीत. मोजणीचा अर्ज मागच्या सोमवारी टाकला.